एअर फ्रायरमध्ये शाकाहारी बर्गर आणि फ्राइज: काय जमते, काय जमत नाही

बर्गर आणि फ्राइज हे लहानथोर सर्वांना आवडणारे जेवण उन्हाळ्यात घरी करायचे म्हटले की सर्वांत मोठी अडचण स्वयंपाकघरातल्या उकाड्याची येते. फ्राइजसाठी कढईभर तेल तापवून ते बराच वेळ तापलेलेच ठेवावे लागते, ओव्हन लावला तर तो तापण्यातच दहा-पंधरा मिनिटे जातात आणि पॅटी भाजण्यासाठी शेजारी तवा असतोच. हा उकाडा कमी व्हावा एवढ्याच हेतूने घेतलेला साडेपाच लिटरचा, एका टोपलीचा, १५०० वॅटचा एअर फ्रायर मी मुख्यतः याच जेवणासाठी वापरून पाहिला. या आकाराची बहुतेक यंत्रे एकाच तत्त्वावर चालतात, त्यामुळे येथे कोणत्याही एका कंपनीचे नाव न घेता या प्रकारच्या यंत्राबद्दल लिहीत आहे. माझे मत आधीच सांगितलेले बरे. फ्राइजसाठी हे यंत्र उत्तम आहे, पॅटी भाजण्यात ते तव्याची बरोबरी करत नाही, मात्र पॅटीच्या तयारीतले एक किचकट काम ते इतके नेमके करते की केवळ त्यासाठीही मी ते ठेवून घेईन.

यंत्राची रचना साधी आहे. वरच्या बाजूला विजेवर तापणारी कॉइल असते, तिच्यावर पंखा असतो आणि तो गरम हवा जाळीच्या टोपलीतून वेगाने फिरवत राहतो. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये असे यंत्र बाजारात आणले आणि त्यानंतर ते घरोघरी पोहोचले. पंख्याच्या ओव्हनमध्येही हवा अशीच फिरते. येथे जागा लहान आणि वारा जोरदार असल्यामुळे यंत्र तीन-चार मिनिटांत तापते आणि पदार्थाच्या पृष्ठभागावरची ओल झपाट्याने उडून जाते. उकाड्याचा हिशेब मात्र नीट समजून घ्यायला हवा. यंत्राने जेवढी वीज घेतली तेवढी उष्णता शेवटी खोलीतच येते, त्यातून सुटका नाही. फरक पडतो तो विजेच्या प्रमाणात. १५०० वॅटचा एअर फ्रायर पंचवीस मिनिटे अखंड चालला तरी साधारण सहा दशांश युनिट वीज घेईल, तर २४०० वॅटचा ओव्हन तापण्याचा वेळ धरून पन्नास मिनिटे चालला तर दोन युनिटांपर्यंत जाईल. दोन्ही यंत्रांची कॉइल मधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्षातले आकडे याहून कमी भरतात, पण त्यांच्यातले अंतर साधारण तसेच राहते. शिवाय हे यंत्र उचलून खिडकीपाशी ठेवता येते आणि त्याची गरम हवा मागच्या झरोक्यातून बाहेर जाऊ देता येते, ही सोय ओव्हनला नाही.

आता फ्राइज. येथे यंत्रापेक्षा बटाट्याची निवड आणि तयारी अधिक महत्त्वाची आहे, आणि यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतली अर्ध्या ओळीची कृती वाचून निराश झालेल्यांनी ही बाजू एकदा नीट तपासून पाहावी. बटाटा पिठूळ हवा, म्हणजे उकडल्यावर सहज कुस्करला जाणारा, भरपूर स्टार्च असलेला. उकडल्यावरही फोडी अखंड आणि मेणचट राहतात तो बटाटा कोशिंबिरीला चांगला, पण त्याच्या फ्राइज बाहेरून चिवट होतात. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, हे उन्हाळ्यात मुद्दाम सांगण्यासारखे आहे, कारण उकाड्यात मोड येतील या भीतीने ते नेमके तेथेच ठेवले जातात. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि अशा बटाट्याच्या फ्राइज २०० अंशांवर बघता बघता काळपट तपकिरी होतात, मात्र आतला गर मऊ आणि गोडसर राहतो. उन्हाळ्यात बटाटे थोडेच आणावेत आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत, हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

बटाट्याचे साधारण एक सेंटिमीटर जाडीचे लांब तुकडे करून ते पाणी निवळ दिसेपर्यंत धुवावेत. त्यानंतर अर्धा तास थंड पाण्यात भिजवून पुसून भाजले तरी फ्राइज चांगल्या होतात. पण खरा कुरकुरीतपणा हवा असेल तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर आणि थोडे मीठ घालून त्या पाण्यात तुकडे पाच-सहा मिनिटे उकळून घ्यावेत, आणि ही जास्तीची पायरी कोणी गाळू नये असे मला मनापासून वाटते. साध्या पाण्यात उकळलेले तुकडे कडेने सुटू लागतात. व्हिनेगरच्या आम्लामुळे बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि तुकडा आतून शिजूनही अखंड राहतो. पाणी निथळून तुकडे चाळणीत उघडे ठेवले की त्यांच्यातली वाफ निघून जाते आणि पृष्ठभाग किंचित खरखरीत, पांढुरका दिसू लागतो. तो तसा दिसेपर्यंत थांबावे, कारण याच खरखरीत थरावर तेल धरते आणि त्याचाच पुढे कुरकुरीत पापुद्रा होतो. अर्धा किलो बटाट्याला एक मोठा चमचा तेल पुरते, आणि ते टोपलीत वरून न ओतता परातीत हाताने चोळावे म्हणजे प्रत्येक तुकड्याला लागते.

तापमान दोन टप्प्यांत ठेवावे. आधी १६० अंश सेल्सिअसवर बारा मिनिटे, मग २०० अंशांवर सात-आठ मिनिटे, आणि मधे दोनदा टोपली बाहेर काढून हलवावी. पहिल्या टप्प्यात आतली ओल कमी होते, दुसऱ्यात रंग येतो. सुरुवातीपासूनच २०० अंश ठेवले तर रंग लवकर येतो आणि ओल आतच राहते, त्यामुळे ताटात पडेपर्यंत फ्राइज लुळ्या पडतात. टोपली निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, कारण तुकड्यांमधून वारा फिरला नाही तर मधले तुकडे वाफेवर शिजतात. माझ्या यंत्रात एका वेळी जेमतेम दोघांच्या पोटभर फ्राइज होतात; साडेपाच लिटर हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण फ्राइजच्या बाबतीत त्यातले वरचे निम्मे लिटर हवेसाठी मोकळे सोडावे लागतात.

कढईतल्या फ्राइजशी तुलना केली तर फरक जाणवतो आणि तो लपवण्याचे कारण नाही. तळताना गरम तेल तुकड्याला सर्व बाजूंनी एकदम भिडते, पापुद्रा जाड होतो आणि त्यात तेल मुरते. तो भरदार खमंगपणा येथे येत नाही. येथला पापुद्रा पातळ आणि कोरडा असतो, बटाट्याची स्वतःची चव मात्र अधिक स्पष्ट लागते. तळलेल्या फ्राइजमध्ये दर १०० ग्रॅममागे साधारण १५ ग्रॅम चरबी असते, तर वरच्या प्रमाणाने केलेल्या फ्राइजमध्ये ती चार ग्रॅमच्या आसपास भरते. उन्हाच्या दिवसांत जेवणानंतर अंगात जडपणा येत नाही, हा यातला मला सर्वांत भावलेला भाग आहे. रंगाबाबत एक दक्षता मात्र येथेही घ्यावी लागते. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तापले की त्यांत ॲक्रिलामाइड हे आरोग्याला घातक ठरू शकणारे रसायन तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, आणि एअर फ्रायर वापरल्याने ते टळत नाही. तुकडे भिजवल्याने आणि सोनेरी पिवळ्या रंगावर थांबल्याने ते कमी राहते, म्हणून गडद तपकिरी रंगाच्या मागे लागू नये. मीठ बाहेर काढल्याबरोबर घालावे आणि फ्राइज झाकून ठेवू नयेत, कारण आतली वाफ पापुद्र्यात शिरून दहा मिनिटांत त्यांना मऊ करते.

गोठवलेल्या तयार फ्राइज या यंत्रात फारच छान होतात. त्या कारखान्यातच वाफवून अर्धवट तळलेल्या असतात, त्यामुळे वरून तेल घालावे लागत नाही आणि त्या वितळू न देता थेट टोपलीत टाकायच्या असतात. घाईच्या दिवशी मी त्याच घेईन, फक्त त्यांत मुळातच तेल आणि बहुधा मीठही असते हे लक्षात ठेवून.

पॅटीचे गणित वेगळे आहे. मांसातली प्रथिने गरम झाल्यावर एकमेकांना धरून ठेवतात. राजमा किंवा काबुली चण्यांची प्रथिने मात्र उकडतानाच शिजून गेलेली असतात, त्यामुळे पॅटी बांधून ठेवण्याचे सगळे काम स्टार्चवर येते. त्यात पाणी जास्त झाले की मिश्रण सैल पडते, सैल पडले म्हणून ब्रेडचा चुरा वाढवला जातो, आणि चुरा वाढवला की पॅटी पिठूळ, घशाला बसणारी होते. घरच्या शाकाहारी बर्गरबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या जास्तीच्या पाण्यात आहे, आणि एअर फ्रायरचा सर्वांत चांगला उपयोग मला येथेच सापडला. उकडून निथळलेले चारशे ग्रॅम राजम्याचे दाणे टोपलीत एका थरात पसरून १६० अंशांवर दहा-बारा मिनिटे ठेवले की त्यांच्या साली तडकून मागे वळतात, पृष्ठभाग मंद आणि कोरडा होतो आणि दाणा बोटांत दाबला तर चिकटण्याऐवजी भुरभुरतो. असे दाणे निम्मे कुस्करून आणि निम्मे जाडसर ठेवून मिसळले तर पॅटीला दाताखाली पोत येतो आणि चुऱ्याची गरज निम्म्यावर येते. हेच काम कढईत करता येते, पण मग दाणे फुटू न देता सतत परतत आचेपाशी उभे राहावे लागते, आणि उन्हाळ्यात तेच तर टाळायचे आहे.

बाकीची कृती थोडक्यात सांगतो आहे तशी करून पाहावी. दीडशे ग्रॅम मशरूम अगदी बारीक चिरून, त्यांचे पाणी पूर्ण आटून ते गडद होईपर्यंत परतावेत, कारण मशरूमच्या वजनाचा साधारण नव्वद टक्के भाग पाणी असतो. त्याच तव्यात कांदा आणि लसूण परतून घ्यावे. या सगळ्यात अर्धी वाटी जाडसर दळलेले ओट्स, मूठभर अक्रोडाचे तुकडे, एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून, चवीला मीठ, तिखट आणि मिरपूड घालून मिश्रण हलक्या हाताने एकत्र करावे. मळू नये, नाहीतर दाण्यांचा पोत जातो. दोन सेंटिमीटर जाडीच्या सहा पॅटी होतात. त्या किमान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात, म्हणजे ओट्स आणि जवस पाणी शोषून घेतात आणि पॅटी उलटताना तुटत नाही. हे सारे काम सकाळच्या गारव्यात उरकता येते, हे उन्हाळ्याच्या दृष्टीने विशेष सोयीचे आहे.

भाजण्याची वेळ आली की मात्र मी तव्याकडे वळेन. हवा उष्णतेची वाहक म्हणून फार दुबळी आहे. तापलेला जाड लोखंडी तवा पॅटीच्या सपाट पृष्ठभागाला टेकताच जी उष्णता देतो, ती त्याच तापमानाच्या हवेला देता येत नाही. परिणामी एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर बारा मिनिटे ठेवलेली पॅटी व्यवस्थित शिजते, आकारही धरते, पण तिचा पृष्ठभाग खमंग न होता सुकतो आणि कडा किंचित चामट लागतात. दोन्ही बाजूंना तेलाचा हात दिला तर बराच फरक पडतो, तरी तव्यावरची ती तपकिरी, खरपूस खपली येत नाही, आणि बर्गरमध्ये माझ्या मते तीच तर हवी असते. मध्यम आचेवर थोड्या तेलात दर बाजूला तीन मिनिटे पुरतात; एवढ्याने स्वयंपाकघर तापत नाही. भाजलेल्या पॅटी ८० अंशांवर टोपलीत गरम ठेवता येतात, म्हणून दोन्ही साधने एकमेकांच्या मदतीला ठेवणे मला सर्वांत पटले. ओलसर पिठात बुडवलेली पॅटी तर या यंत्रात टाकूच नये, कारण ते पीठ घट्ट होण्याआधीच जाळीतून खाली गळते.

तयार वनस्पतिजन्य पॅटींची गोष्ट निराळी आहे. बियॉन्ड बर्गर आणि इम्पॉसिबल बर्गर या दोन्ही पॅटी २०१६ मध्ये बाजारात आल्या. पहिलीत मुख्यतः वाटाण्याची प्रथिने असतात, तर दुसरीत सोयाची प्रथिने आणि यीस्टच्या साहाय्याने तयार केलेले सोयाचे लेगहिमोग्लोबिन हे लोहयुक्त प्रथिन असते, ज्यामुळे तिला मांसासारखा लालसर रंग आणि चव येते. अशा पॅटींमध्ये बहुधा मिथाइलसेल्युलोज वापरतात. हा पदार्थ तापल्यावर घट्ट होतो आणि गार झाल्यावर पुन्हा सैल पडतो, त्यामुळे या पॅटी गरम असताना नीट बांधलेल्या राहतात. त्यांच्यात स्वतःची भरपूर चरबी असल्याने त्या एअर फ्रायरमध्ये घरच्या पॅटीपेक्षा सरस भाजल्या जातात. चरबी खाली गळून धूर होऊ नये म्हणून टोपलीखाली दोन चमचे पाणी घालावे. मांसाच्या चवीची आठवण हवी असलेल्यांना त्या आवडतील. मला स्वतःला राजमा, मशरूम आणि अक्रोड यांची चव वेगवेगळी ओळखू येते ती घरची पॅटी अधिक प्रिय आहे, आणि तिच्यात काय घातले आहे हे आपल्याला ठाऊक असते.

बन भाजायला यंत्र चांगले आहे, कापलेली बाजू वर ठेवून १६० अंशांवर दोन मिनिटे. वरचा हलका भाग मात्र पंख्याच्या वाऱ्याने उडून कॉइलपर्यंत जाऊ शकतो, म्हणून त्यावर छोटी स्टीलची जाळी ठेवावी. चीजच्या पातळ कापाचेही तसेच होते. तो यंत्र बंद करून गरम पॅटीवर ठेवावा आणि टोपली मिनिटभर आत सरकवून ठेवावी, तेवढ्या साठलेल्या उष्णतेत तो छान वितळतो. बेकिंग पेपर रिकाम्या टोपलीत घालून यंत्र तापवणे तर धोक्याचेच आहे, कारण उडालेला कागद तापलेल्या कॉइलला चिकटून पेट घेऊ शकतो. पुस्तिकांमध्ये ही सूचना ठळक छापायला हवी. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत ती शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात होती.

उन्हाळ्यासाठी म्हणून दोन गोष्टींवर मी आग्रह धरेन. राजम्याच्या कच्च्या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते जाण्यासाठी भिजवलेले दाणे नव्या पाण्यात खळखळ उकळत किमान अर्धा तास ठेवावे लागतात. एअर फ्रायरची कोरडी उष्णता किंवा मंद आचेवरचे भांडे यांवर विसंबून चालत नाही. डब्यातले दाणे आधीच शिजवलेले असतात, त्यांना ही काळजी लागत नाही, फक्त खारट पाणी धुऊन टाकावे. दुसरी गोष्ट म्हणजे भाजलेल्या पॅटी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासाच्या आतच त्या संपवाव्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवाव्यात. बागेत किंवा गच्चीवर जेवण मांडले की वाढलेले पदार्थ तासन्‌तास उघडे राहतात, तेव्हा हा नियम विसरला जातो. त्यापेक्षा कच्च्या पॅटी मधे कागद घालून गोठवून ठेवाव्यात आणि माणसे जेवायला बसतील तशा भाजाव्यात. गोठलेली पॅटी आधी १६० अंशांवर आठ-दहा मिनिटे यंत्रात ठेवून मग तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस केली तर ताज्या पॅटीशी तिचा फरक ओळखू येत नाही.

यंत्रातले दोष मोजकेच, पण खरे आहेत. पंख्याचा आवाज सतत येतो आणि लहान घरात बोलताना तो जाणवतो. टोपलीचा न चिकटणारा थर नाजूक असतो. लोखंडी चिमटा आणि तारेची घासणी त्याच्यावर चालवू नये, आणि डब्यातून फवारायचे तेलही टाळावे, कारण त्यातल्या लेसिथिन या स्निग्ध पदार्थाचा चिकट थर हळूहळू बसतो आणि तो घासताना मूळ थरच निघू लागतो. साधे तेल ब्रशने लावणे बरे. कॉइलभोवती उडालेले तेलाचे तुषार यंत्र गार झाल्यावर, उलटे करून, ओल्या फडक्याने वेळच्या वेळी पुसले नाहीत तर पुढच्या खेपेला धूर आणि जुन्या तेलाचा वास येतो.

राहिला आकाराचा प्रश्न. एक-दोन माणसांच्या घरात चार-साडेचार लिटरचे यंत्र या जेवणाला पुरते. चौघांसाठी मात्र लिटरच्या आकड्याकडे न पाहता टोपलीच्या तळाची लांबी-रुंदी पाहावी आणि उंच, अरुंद टोपलीऐवजी पसरट चौकोनी टोपली घ्यावी, कारण फ्राइज असोत की राजमा, दोन्हींना एका थरात पसरायला जागा लागते. दोन टोपल्यांचे यंत्र परवडत असेल आणि ओट्यावर मावत असेल तर ते अधिक चांगले: एका टोपलीत फ्राइज दुसऱ्या टप्प्यावर असताना दुसरीत पॅटी गरम राहतात आणि बन भाजून निघतात, आणि पहिल्या दोघांच्या फ्राइज गार होईपर्यंत उरलेल्या दोघांना थांबावे लागत नाही.